एमव्हीएससी (पशुवैद्यकीचं पीजी) पब्लिक हेल्थचा रिव्ह्यू : दोन वर्षं (खरंतर अडीच) आणि एकच प्रश्न

आधीच सांगते, कॉलेज कुठलं ते लिहिणार नाही. परभणी घ्या, उदगीर घ्या, नागपूर घ्या नाहीतर मुंबई, सगळी माफसूखालीच (राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ) येतात आणि पीजीचा सिलॅबस आयसीएआरचा (देशाची कृषी संशोधन परिषद), त्यामुळं हा रिव्ह्यू इमारतीचा नाही, डिग्रीचा आहे. गेल्या दोन महिन्यात सहा-सात ज्युनियरनी मेसेज केला की ताई पीजीला पब्लिक हेल्थ मिळतंय, घेऊ का सर्जरीसाठी एक वर्ष थांबू. प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहिते, लांबलं तर लांबलं.

मी काय आवडीनं घेतलं नव्हतं. रँकला गायनॅक हुकलं, सर्जरी हुकली, मेडिसिन एका नंबरनं हुकलं, मग जे शिल्लक होतं ते घेतलं. घरी सांगितलं तर आबा म्हणले, म्हणजे आता तू माणसाची डॉक्टर का ढोराची? मला पण नीट सांगता येईना. म्हणलं आबा, ढोरापासून माणसाला काय लागतं, कसं लागतं ते बघायचं, दूध मटण खायच्या लायकीचं हाय का ते बघायचं. आबा थोडं गप बसले आणि म्हणले, मग ह्यात दवाखाना कुठं आला? दवाखाना नाही आबा. ह्या ब्रँचची पहिली तक्रार हीच आहे, हातात कात्री नाही, सोनोग्राफी नाही, गाय उठून उभी राहिली आणि मालकानं हात जोडले असला प्रसंग दोन वर्षात एकदाही येत नाही. ज्याला ते पायजे त्यानं हितंच वाचणं बंद केलं तरी चालतंय.

आता चांगलं सांगते. पहिल्याच आठवड्यात गाईडकडं गेलते, इंटर्नशिपमधलं काहीतरी सांगून छाप पाडावी म्हणून बोलले की सर आमच्याकडं एका गावात लई शेळ्या गाभडल्यात. सर म्हणले लई म्हणजे? म्हणलं नऊ. कितीपैकी? मी गप. नऊ कशावरून मोठा आकडा ते मला सांगता येईना. वीसपैकी नऊ म्हणजे आग लागलेली आहे, नऊशेपैकी नऊ म्हणजे नेहमीचंच. साडेपाच वर्षं बीव्हीएससी (ढोराच्या डॉक्टरची पहिली डिग्री) केलं पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण दवाखान्यात समोर एकच शेळी असते आणि ती आजारीच असते. पुढं अडीच वर्षं हा "कितीपैकी" इतका ऐकला की झोपेत पण ऐकू यायला लागला.

क्रेडिट सेमिनारचा किस्सा तर डिपार्टमेंटमध्ये अजून सांगतात. पब्लिक हेल्थचा कुठलाबी सेमिनार असो, पहिली स्लाईड ठरलेली, माणसाच्या संसर्गजन्य रोगांपैकी ६० टक्के प्राण्यांकडून येतात. माझी पण तीच. सरांनी तिथंच थांबवलं, ६० टक्के, कितीपैकी? पूर्ण क्लास एकमेकांकडं बघतोय. मग आठवडाभर शोधून काढलं, २००१ साली एक पेपर आलता, त्यात माणसाला रोग करणारे १४१५ जीव मोजले आणि त्यातले ८६८ प्राण्यांकडून येणारे निघाले, म्हणजे ६१ टक्के. हे रोग्यांचे टक्के नाहीत, जंतूंच्या जातींचे टक्के आहेत! दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे आणि आम्ही सगळे ते खुशाल पाठ करून बोलत होतो. त्या दिवशी मला वाटलं की ही ब्रँच आपल्याला जमंल.

विषयांचं पटकन सांगते. झुनोसिस (प्राण्यांपासून माणसाला होणारे रोग) मस्त, दूध ठीक, पर्यावरणाचा पेपर निव्वळ पाठांतर, नोट्स वाचा आणि पास व्हा. दुधाच्या प्रॅक्टिकलला मिथिलीन ब्लूची टेस्ट असते, दुधात निळा रंग टाकायचा आणि किती वेळात उडतो ते बघायचं, लवकर उडला म्हणजे जंतू जास्त. बघायला मजा येती पण खरी गंमत वर्गाबाहेर आहे, कासदाहाच्या म्हशीच्या सडात सकाळी अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात आणि संध्याकाळचं दूध सरळ डेअरीत. औषधानंतर किती दिवस दूध घालायचं नाही हे ट्यूबच्या पाकिटावर बारीक अक्षरात असतं पण ते वाचतं कोण, आणि तेवढे दिवसाचं दूध फेकायचं तर मालकाला भरपाई कोण देतंय. २०१९ ला सरकारनं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्याच्या जनावरांत वापरायला बंदी घातली ते आम्ही परीक्षेत लिहिलं, दहा मार्काला.

मीट हायजीन ह्यावर मात्र मी जास्त लिहिणार. पहाटे चारला कत्तलखान्यावर निघायचं, गमबूट, ॲप्रन, सुरी, टॉर्च. आपल्याकडं गोहत्या आधीपासून बंद आणि २०१५ पासून बैल पण बंद, त्यामुळं मोठ्या जनावरात फक्त म्हैस-रेडे, बाकी शेळ्या मेंढ्या. कापायच्या आधी जनावर चालवून बघायचं, कापल्यावर डोकं, फुप्फुस, लिव्हर, लसिकाग्रंथी चिरून बघायच्या. पुस्तकात रंगीत फोटो असतात, खरं काय ते त्या खाटीकमामांनी शिकवलं. शेळीचं फुप्फुस हातात घेतलं, बोट टेकवलं, म्हणले मॅडम ही पाण्याची पिशवी, मेंढरात जास्त सापडती. हायडॅटिड सिस्ट! आमच्या ॲटलासमध्ये ज्याचं दोन पानं वर्णन होतं ते त्यांना बोटानं कळत होतं. मी विचारलं मग ह्याचं काय करता, तर त्यांनी ती काढून दारातल्या कुत्र्याला टाकली. कुत्रं तयारच होतं, रोजचं असणार. आता हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते, ती पिशवी कुत्र्यानं खाल्ली की आतड्यात जंत होतात, जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, भाजीवर, लेकरांच्या हातावर, आणि मग तीच पिशवी माणसाच्या लिव्हरमध्ये. म्हणजे पूर्ण चक्र माझ्या डोळ्यासमोर अडीच सेकंदात फिरलं. मामांना समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणले मॅडम, मग टाकू कुठं? पुरायला जागा दाखवा. जागा नव्हतीच. ह्या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षात कुठल्याच पेपरात आलं नाही.

एपिडेमिऑलॉजी (रोग कुठं, किती आणि का पसरतो त्याचा अभ्यास) म्हणजे ह्या डिग्रीचा कणा आहे, पण शिकवायची पद्धत लई कोरडी. ऑड्स रेशोचं सूत्र फळ्यावर लिहायचं, आकडे टाकायचे, उत्तर काढायचं, पुढं चला. एपी इन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अमेरिकेच्या सीडीसीचं (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) आहे, ते मी थिसिसच्या वेळी रात्री जागून स्वतः शिकले. ते पहिल्या सेममध्ये शिकवलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. हे वाचणाऱ्या ज्युनियरनी सुट्टीतच ते उघडून बसा.

आमच्या बॅचला मात्र शिकवणीची कसर बाहेरच्या जगानं भरून काढली. ॲडमिशन कोरोनात, आणि पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२१ ला, परभणीजवळच्या मुरुंब्याला शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, भोपाळच्या लॅबवरून बर्ड फ्लूचा रिपोर्ट आला. १ किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारायच्या, १० किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचं, हे जे पुस्तकात गोल गोल काढलेलं असतं ते नकाशावर आपल्याच गावांच्या नावावर बसलेलं बघितलं. घरून फोन, चिकन खावं का? म्हणलं शिजवा, ७० डिग्रीच्या वर गेलं की विषाणू जगत नाही, आपली आई तर तासभर शिजवती. मग २०२२ ला लम्पी. लोकांनी दूध बंद केलं, आमच्या मेसवाल्या काकूंनी सुद्धा. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या, हे वाक्य मी त्या पावसाळ्यात किती वेळा बोलले असंल त्याचा हिशोब नाही (आणि हो, कितीपैकी किती जणांना पटलं ते पण नाही).

आता थिसिस. ७० क्रेडिटपैकी ३० थिसिसचे असतात, म्हणजे जवळपास अर्धी डिग्री हीच. माझा विषय उस्मानाबादी शेळ्यांतला ब्रुसेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यानं शेळी शेवटच्या दीड-दोन महिन्यात गाभडती, आणि पडलेलं पिल्लू, वार (जार), पाणी ह्यात जंतू खच्चून भरलेले असतात, माणसाच्या हाताला जखम असली, डोळ्यात उडालं, कच्चं दूध पिलं की माणसाला. काम असं की आखाड्या-आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जायचं, मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, नळी तिरकी ठेवायची, गोठलं की सीरम वेगळं करायचं आणि बर्फात लॅबला आणायचं. सांगायला एक ओळ लागली. मे महिन्यात ४३ डिग्रीला थर्माकोलच्या डब्यातला बर्फ किती टिकतो ते करून बघा. तालुक्याच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ घ्यायचे, एसटीत डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं ह्याच्यात काय हाय, म्हणलं रक्त. शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. एकदा लॅबची लाईट रात्रभर गेली आणि ३१ सॅम्पल खराब झाले, ते परत गोळा करायला तीन आठवडे.

टेस्ट मात्र मला लई आवडायची. आरबीपीटी, म्हणजे ब्रुसेलाची रोझ बंगाल प्लेट टेस्ट. काचेच्या प्लेटवर सीरमचा थेंब, बाजूला गुलाबी अँटिजेनचा थेंब, काडीनं एक करायचं आणि ४ मिनिटं प्लेट हलवत राहायचं. निगेटिव्ह असलं तर तसंच गुळगुळीत गुलाबी, पॉझिटिव्ह असलं तर रवा पडल्यासारखं दिसतं. स्वस्त टेस्ट, मशीन लागत नाही.

सॅम्पल कुणाचे घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. हे गावात सांगून बघा. एका गावात सरपंच म्हणले आधी माझ्या शेळ्यांचं रक्त घ्या, चिठ्ठीत नाव नाही म्हणलं तर म्हणले चिठ्ठी परत टाका. मग त्यांच्या शेळ्यांचं रक्त घेतलं, रिपोर्ट पण दिला, फक्त थिसिसमध्ये धरलं नाही. आणि शेळ्यांची एकूण संख्या? २०१९ च्या पशुगणनेतली यादी घेऊन गेलते, तर यादीत ज्याच्या १२ शेळ्या त्याच्या दावणीला ३, बाकीच्या विकून लेकराची फी भरलेली, आणि ज्याचं यादीत नावच नाही त्याच्याकडं २०. "कितीपैकी" मधला "किती" दर आठवडी बाजाराला बदलतो हे मला तिथं कळलं.

माझी सगळ्यात मोठी चूक पण हितंच झाली. फॉर्मवर छापलेलं, "कुटुंबप्रमुखाने दिलेली माहिती". मी आपली खाटेवर बसलेल्या मालकाला विचारायची, शेळी व्यायली की वार हातानं काढता का? छे छे, आपण हात नाही लावत. लिहिलं, नाही. असे ४० फॉर्म भरले. एकेचाळिसाव्या घरी मालक बाजाराला गेलते, मावशी एकटीच होत्या, त्यांना तोच प्रश्न विचारला तर हसायला लागल्या, म्हणल्या मग काय वार आपोआप पडती व्हय, मीच काढते की, आमचे मालक तर बघायला पण येत नाहीत. शेळी म्हणजे बाईचं जनावर! चारा तिचा, धार तिची, बाळंतपण पण तिनंच करायचं, आणि मी फॉर्म भरतेय बाप्याला विचारून. मालक खोटं बोलत नव्हते, त्यांनी खरंच कधी हात लावला नव्हता. ४० घरं परत फिरले. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर डिपार्टमेंटमध्ये त्या वेळी मुलगी मी एकटीच होते म्हणून चुलीपाशी बसून विचारता तरी आलं.

त्याच मावशींना तीन महिने संध्याकाळी ताप यायचा. रात्री घामानं गोधडी ओली, कंबर धरलेली, सांधे ठणकायचे. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात टायफॉइड म्हणून तीनदा सलाईन लावून झालते. त्यांच्या पाच शेळ्यांपैकी दोन पॉझिटिव्ह निघाल्यात हे मला माहीत होतं, पण मी मावशींचं रक्त घेऊ शकत नव्हते. माणसाचं सॅम्पल म्हणजे माणसांची एथिक्स कमिटी वेगळी, ती मेडिकल कॉलेजची, तिथली परवानगी काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी डिग्री संपली असती, म्हणून ओआरडब्ल्यूतच (थिसिसच्या आराखड्यात) माणसं वगळलेली. मग गाईडनी ओळखीच्या एका मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांना फोन केला, चिठ्ठी दिली, मावशींना पाठवलं. ब्रुसेला पॉझिटिव्ह. डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, ६ आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ताप गेला आणि मावशींनी गोळ्या बंद केल्या, दोन महिन्यांनी परत ताप, परत पहिल्यापासून ६ आठवडे. आता बऱ्या आहेत. पण माझ्या थिसिसमध्ये त्यांच्या शेळ्यांचे नंबर आहेत, मावशी कुठंच नाहीत. वन हेल्थ वन हेल्थ (माणूस, जनावर, पर्यावरण सगळ्यांचं आरोग्य एकच) म्हणून बॅनर लावतो आपण, आणि गोठ्यापासून चुलीपर्यंतच्या वीस पावलांत डिपार्टमेंट बदलतं. डिसेंबर २०२२ ला मी थिसिस लिहीत होते तेव्हाच नागपूरला वन हेल्थच्या राष्ट्रीय संस्थेचं भूमिपूजन झालं, पेपरमध्ये वाचून पहिला विचार हाच आला की निदान दोन्हीकडची परवानगी एका फॉर्मवर मिळाली तर बरं.

अजून एक. सरकारची ब्रुसेलाची लस मोफत आहे, २०१९ च्या जनावरांच्या रोगनियंत्रणाच्या मोठ्या कार्यक्रमात, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला दोन्ही मिळून १३,३४३ कोटींचा. पण ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना. शेळ्यांना नाही. मावशींनी विचारलं आमच्या शेळ्यांना कधी, तर मी काय सांगणार. बाकी लस टोचणाऱ्यांना एक सूचना, ती जिवंत लस आहे, सुई स्वतःला टोचली तर आपल्यालाच ब्रुसेला होऊ शकतो, गॉगल आणि ग्लोव्हज घाला, हिरोगिरी करू नका.

पैशाचं आणि नोकरीचं विचारता म्हणून लिहिते, ह्यात गोड काही नाही. एलडीओला (सरकारी पशुधन विकास अधिकारी) बीव्हीएससी पुरतं, एमपीएससीत सर्जरीवाला, पब्लिक हेल्थवाला आणि पीजी न केलेला सगळे एकाच रांगेत. मी पण आज एलडीओच आहे, पीजी केल्यामुळं खुर्ची काही वेगळी मिळाली नाही. फूड सेफ्टी ऑफिसरला पण व्हेटर्नरीची नुसती डिग्री चालते. प्राध्यापक व्हायचं तर नेटची परीक्षा काढा आणि जागा निघायची वाट बघा. प्रोजेक्टमध्ये कामं मिळतात पण ती प्रोजेक्टएवढीच. प्रायव्हेट प्रॅक्टिसला तर ह्या डिग्रीचा बोर्ड लावून काही होत नाही, गावाकडं पब्लिक हेल्थ लिहिलेलं बघून लोकं बीपी तपासायला येतात, माझ्या बॅचमेटकडं खरंच आलते.

मग उपयोग काय, तर एक सांगते. मागं एका गावात पिसाळलेलं कुत्रं चावलेली म्हैस मेली आणि तिचं दूध-ताक खाल्लं म्हणून अर्धा गाव रेबीजच्या इंजेक्शनला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात). तिथल्या डॉक्टरांचा मला फोन. आधीची मी असते तर मी पण घाबरून सगळ्यांना द्या म्हणले असते. आता पेन घेऊन बसले. म्हशीच्या तोंडात हात कोणी घातला? पाजलं कोणी, लाळ कुणाच्या जखमेवर लागली? उकळून पिलं का कच्चं? तीन माणसं निघाली ज्यांना खरंच गरज होती, त्यात एक सालगडी जो रांगेत नव्हताच, कारण त्याच्या मते त्यानं दूध पिलं नव्हतं, फक्त म्हशीच्या घशात भाकरी अडकली का बघायला हात घातला होता. रात्री ९ ला त्याला आखाड्यावरून आणला. आणि गेल्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला बर्ड फ्लूनं कावळे मरून पडले तेव्हा आमच्या तालुक्यातला शिपाई सकाळी मला सांगायला आला, मॅडम आपल्या इथं पण एक कावळा मेलाय. मी पटकन काय म्हणले असंल ते तुम्हाला माहीतच आहे. बिचारा म्हणला, मॅडम कावळे मोजत नाही ओ कोणी.

माझे मार्क ५ पैकी साडेतीन. फील्ड आणि गाईडला साडेचार, स्टॅटिस्टिक्स शिकवायच्या पद्धतीला दोन, नोकरीला दीड, मेसला शून्य, पण मेस सगळीकडं शून्यच असते म्हणून ती धरली नाही. सर्जरी मिळत असंल आणि हात शिवशिवत असंल तर सर्जरीच घ्या, उगं मन मारू नका. पण कारण शोधायची सवय असंल, एकाच गावात तेच तेच का होतंय ह्याचा किडा डोक्यात असंल, तर हे रँकला खाली आहे म्हणून सोडू नका.

जाताना तीन गोष्टी न्या, चांगला थर्माकोलचा डबा, स्वतःच्या मापाचे गमबूट (डिपार्टमेंटचे सगळे ९ नंबरचे असतात) आणि जुना सलवार कमीज किंवा शर्ट जो रक्तानं खराब झाला तरी जीव जळणार नाही. आणि गाईड निवडायच्या आधी त्यांचे पेपर किती ते बघता ना, त्याच्या बरोबरीनं पार्किंगमध्ये जाऊन त्यांच्या गाडीचे टायर बघा. चिखल वाळलेला दिसला तर नाव टाका.